रोज एक पेला कमी

१

पाणी पिणारी गाडी ते कुठेतरी सोडणारच. माणसाचंही तेच आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. कुणाची रेडिएटरमधून गळते, कुणाची पंपातून, कुणाची होजच्या, म्हणजे रबरी नळीच्या, तोंडाशी. मिस्त्रीण बावीस वर्षं हेच करत आली होती आणि तिची पद्धत ठरलेली होती. संध्याकाळी गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवायचा, सकाळी डाग कुठे पडला ते बघायचं. डागावर बोट टेकवायचं, बोट जिभेच्या टोकाला लावायचं आणि लगेच थुंकायचं. बेचव लागलं तर एसीचं पाणी, गोड लागलं तर इंजिन थंड ठेवणारं कूलंट. गोड असतं म्हणून कुत्री ते चाटतात आणि दोन दिवसांत मरतात. गॅरेजसमोरचं एक असंच तडफडून मेलं होतं. तेव्हापासून कूलंट सांडलं की ती आधी त्यावर भुसा टाकायची, मग हात धुवायची.

चवीची ही रीत तिला नवऱ्याने शिकवली होती. तिची शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं त्याच्याकडून. आणि नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी तो स्वतःची गाडी काढून गेला तो गेलाच. लोक म्हणाले, दुसरी होती. होतीच. मागे राहिलं गॅरेज, गॅरेजमागच्या दोन खोल्या आणि त्याची धाकटी बहीण. नवरा गेला पण नणंद राहिली, हे असलं नशीब.

सोमवारी सकाळी दवाखान्यातला कंपाउंडर एक जुनी निळी गाडी घेऊन आला.

"पाणी कमी होतं, बाई. रोज."

"गळतं कुठे?"

"कुठेच नाही. तीच तर गंमत आहे."

"पांढरा धूर? तापमानाचा काटा चढतो?"

"काहीच नाही."

"मग काय तुम्ही पिता?"

कंपाउंडर हसला, पण लगेच त्याचं तोंड उतरलं. "शनिवारी पोरीला आणायला जायचंय. आठवा संपत आलाय तिचा. मोठा चढ लागतो. मध्येच कुठे अडकलो तर…"

"नाही अडकणार. माझ्या हातून गेलेली गाडी रस्त्यात…"

पुढचं तिने गिळलं आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

२

मंगळवारी सकाळी पुठ्ठा कोरा होता. नुसता कोरा नाही, दुकानातून आणल्यासारखा. तिने थंड इंजिनावरचं झाकण काढून दाबाचा पंप लावला, काटा हवा तिथे नेला आणि चहा प्यायली. काटा जागचा हलला नाही. दुसरा चहा प्यायली. काटा तिथेच. कुठे बारीकशी जरी फट असती तरी काटा घसरला असता. याचा अर्थ गाडी ठणठणीत होती आणि कंपाउंडर येडा होता.

तरी ती दिवा घेऊन आत वाकली. तिला प्रत्येक जोड बघायची सवय होती. वरचा होज, पंप, थर्मोस्टॅटचं घर. मग रेडिएटरचा खालचा होज, आणि त्याला आवळून धरणारी पत्र्याची क्लिप.

क्लिपच्या कडेला कानशीने मारलेल्या दोन खाचा होत्या.

तिच्या हातची प्रत्येक क्लिप अशी असायची. दोन खाचा. गाडी परत आली तर आपलं काम कुठलं आणि दुसऱ्याने केलेला घोळ कुठला ते कळावं म्हणून. गावभर अशा शेकडो क्लिपा असतील, असं ती स्वतःलाच म्हणाली. मग तिने दाराचं रबर नखाने उचलून पाहिलं. निळ्या रंगाखाली दुधी रंग होता. पुन्हा वाकून क्लिपच्या स्क्रूकडे पाहिलं.

स्क्रू अर्धा फेरा ढिला होता. अगदी बरोबर अर्धा.

आणि तिथे एक थेंबही नव्हता.

३

त्या सकाळी भांडण झालं होतं. तो म्हणाला, तीन दिवसांचं काम आहे. ती म्हणाली, कामाला नाव काय, केस किती लांब? तो टॉवेल घेऊन आंघोळीला गेला. ती गॅरेजमध्ये आली, त्याच्या दुधी गाडीचं बॉनेट उघडलं आणि खालच्या होजची क्लिप अर्धा फेरा सोडली.

मारायचं नव्हतं तिला. मारायला काय, पाना पुरला असता. तिचा हिशोब साधा होता. सपाटीवर काही होणार नाही, चढाला लागला की पाणी जाईल, काटा चढेल, गाडी थांबवावी लागेल. तिथे ना गॅरेज, ना घर. तो पायी जवळच्या फोनपर्यंत येईल आणि फोन कुणाला करील? तिलाच. मग ती पाण्याचा कॅन घेऊन जाणार होती, आणि कॅन हातात धरून त्याला विचारणार होती, की आता सांग, घरी येतोस का नाही.

चार दिवस ती फोनशेजारी बसली. फोन आलाच नाही.

वर्षभराने ती दुसरी बाई गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली. नीट बाई होती. म्हणाली, "ते इथेच असतात का हो अजून?" मिस्त्रीण म्हणाली, "नाही." म्हणजे तो तिच्याकडेही पोचला नव्हता. हे मिस्त्रिणीने कुणालाही सांगितलं नाही.

आता क्लिप समोर होती. आवळायला दोन सेकंद लागले असते. पण आवळली आणि गळती थांबली, तर मग दोष त्या क्लिपचाच ठरला असता, नऊ वर्षांचा. तिला दुसरा दोष हवा होता. पंप चालला असता, झाकण चाललं असतं, काहीही. ती गाडी दुसऱ्या कशाने बिघडलेली असायला हवी होती.

तिने कंपाउंडरला दवाखान्यात फोन लावला. "गाडी घेतलीत कुठून?"

"भंगारवाल्याच्या आवारातून. त्याला चढाच्या पलीकडे रस्त्याकडेला उभी सापडली म्हणे. काचा वर, दारं आतून बंद, किल्ली जागच्या जागी."

"आणि आत?"

"आत कोण असणार? कोणी असतं तर त्याने विकली असती का मला?" कंपाउंडर हसला. "का हो, काही सापडलं का?"

"नाही," ती म्हणाली. "झाकण बदलते."

४

तिने झाकण बदललं, थर्मोस्टॅट बदलला, पंपाचं गॅस्केट नवं टाकलं. क्लिपला हात लावला नाही. इंजिनाशेजारच्या कूलंटच्या बाटलीत काठोकाठ कूलंट भरून पातळीवर नेलपॉलिशची लाल रेघ मारली. नेलपॉलिशचा तिला जन्मात एवढाच काय तो उपयोग. साडेअकराला पाहिलं, रेघ बरोबर. पावणेबाराला बरोबर. बाराला बरोबर. गाडी चालू केलेलीच नव्हती, पातळी हलणार कशी?

साडेबाराला ती आत जेवायला गेली. एकला परत आली तर पातळी रेघेच्या चार बोटं खाली होती.

तिने गाडीखाली पाहिलं. कोरडं. हात फिरवून पाहिला. कोरडंच.

भरायला काहीतरी हवं म्हणून तिने दाराजवळच्या स्टुलावरचा स्टीलचा पेला उचलला, त्यातलं पाणी फेकलं आणि कॅनमधलं कूलंट पेल्याने मोजून ओतलं. बरोबर एक पेला लागला. ना थेंब कमी, ना जास्त.

"दादाचा पेला!" मागून नणंद ओरडली. "वहिनी, तू दादाच्या पेल्यात ते विष ओतलंस?"

नणंदेला ती रीतीप्रमाणे वन्सं म्हणायची, मनात काय म्हणायची ते लिहिण्यासारखं नाही. या वन्सं नऊ वर्षं रोज साडेबाराला तो पेला भरून स्टुलावर ठेवायच्या. दादा कामावरून उठला की उभ्याउभ्या पेलाभर पाणी प्यायचा, म्हणून. जेवणं झाली की ते पाणी झाडाला.

"पेलाच आहे वन्सं, धुतला की झाला."

"तुझ्यासाठी सगळंच धुतलं की झालं. माणूससुद्धा."

तिने पेला तीनदा घासला. वन्संनी तो तिच्या हातातून ओढून घेतला आणि चौथ्यांदा घासला.

५

बुधवारीही तेच. साडेबारा ते एक, एक पेला.

पण बुधवारी तिला काहीतरी सापडलं आणि ती इतकी खूश झाली की एकटीच हसली. ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेला आतून धुकं धरलं होतं, ताटलीएवढं गोल. तिने दार उघडून बोट फिरवलं. चिकट. जिभेला लावलं. गोड.

"हीटर!" ती गाडीला म्हणाली. "हीटर फुटलाय तुझा, रांडे, आणि मला घाबरवतेस!"

जुन्या गाड्यांत हे होतंच. डॅशबोर्डमागचा छोटा हीटर फुटतो, कूलंट बाहेर न पडता आत वाफ होऊन बसतं, काचांवर चिकट थर धरतो. पुठ्ठा कोरा राहणारच. हा दोष नऊ वर्षांपूर्वी नव्हता, हा नवा होता. तिचा नव्हता. तिने हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप काढले आणि एकमेकांना जोडून टाकले. आता हीटरला थेंब मिळणार नव्हता. काच तिने आतून बाहेरून पुसली, दारं लावली, किल्ली खिशात टाकली. रात्री कित्येक महिन्यांनी तिला गाढ झोप लागली.

फक्त एकच गोष्ट तिला खटकली होती आणि तिने ती मनाच्या तळाशी ढकलली होती. हीटर फुटला तर सगळ्या काचांना धुकं धरतं, समोरच्या काचेला आधी. आणि हे एकाच काचेला होतं. बसलेल्या माणसाचं तोंड जिथे येईल तिथे.

६

गुरुवारी ती जेवायला बसली. वन्सं पेला ठेवायला गेल्या होत्या त्या आल्याच नाहीत. ती उठून बघायला गेली. वन्सं स्टुलावर बसल्या होत्या, भरलेला पेला मांडीवर, कान गाडीकडे.

"आवाज येतो," त्या म्हणाल्या.

"इंजिन थंड होताना कटकट वाजतं."

"इंजिन चालूच केलं नाहीस तू." वन्संनी मान वळवली नाही. "दादा कसा पाणी प्यायचा, आठवतं? एका दमात, घटाघटा. आणि संपलं की…"

तेवढ्यात बॉनेटखाली बुडबुडल्यासारखं काही झालं, घोट घेतल्यासारखं, एकामागून एक. मग गाडीच्या आत, बंद काचांमागे, कुणीतरी "हाऽ" केलं. तृप्त माणूस करतो तसं. अगदी हळू.

होजमध्ये हवा अडकली की असा आवाज येतो. मिस्त्रिणीने हे गिऱ्हाइकांना शंभरदा सांगितलं होतं. ती बाटलीजवळ गेली. चार बोटं खाली. हीटर तर तिने तोडला होता.

"ही दादाची गाडी आहे," वन्सं म्हणाल्या. "रंग बदलला म्हणून काय मी ओळखणार नाही? सोमवारीच ओळखली. म्हटलं, बघू तू बोलतेस का."

"काय बोलायचं होतं?"

"तुझ्या जिभेपायी गेला तो. त्या बाईकडे गेला, सुखात असेल, असं मी नऊ वर्षं…"

"नाही गेला तो तिच्याकडे!" मिस्त्रीण ओरडली. "आली होती ती इथे. त्याला शोधत. आठ वर्षं झाली."

वन्संच्या मांडीवरचा पेला हिंदकळला.

"आठ वर्षं," त्या म्हणाल्या. "मी इथे पेला भरत होते आणि तू बघत होतीस."

"काय सांगणार होते मी तुम्हाला?"

"जे तू अजूनही सांगत नाहीयेस ते."

वन्सं उठल्या, पेल्यातलं पाणी गाडीच्या दाराशी जमिनीवर हळूच ओतलं आणि आत गेल्या. त्यांनी गॅरेजचं मधलं दार लावलं नाही, नुसतं लोटलं.

७

शुक्रवारी मिस्त्रीण जेवायला गेली नाही. साडेबाराला ती बॉनेट उघडून उभी होती, हातात स्क्रूड्रायव्हर. बॉनेट आणि काचेमधल्या फटीतून तिला ड्रायव्हरच्या बाजूची काच तिरकी दिसत होती. बाहेर लख्ख ऊन. रस्त्यावर सायकलची घंटी, कुणाचं तरी भांडं पडल्याचा आवाज, सगळं रोजचं.

बाटलीतली पातळी उतरू लागली. सावकाश, घोटाघोटाने. काचेवर धुकं आलं. ताटलीएवढं गोल. मग ते आक्रसून वाटीएवढं झालं. पुन्हा ताटलीएवढं. पुन्हा वाटी.

ती किती वेळ बघत राहिली कोण जाणे. भीती वाटायला हवी होती, पण आधी राग आला. नऊ वर्षांचा.

"एक फोन," ती म्हणाली. "एक फोन करायला काय झालं होतं तुला? उतरायचं, चालायचं, फोन करायचा. एवढं सोपं ठेवलं होतं मी. मी येणारच होते की."

ताटली. वाटी. ताटली.

"उद्या यात पोटुशी पोर बसणार आहे. ढिली क्लिप घेऊन मी परत गाडी सोडणार नाही. कळलं?"

तिने स्क्रूड्रायव्हर खाचेत बसवला आणि पिळला.

पाव फेऱ्याला काचेवरचं धुकं भरभर व्हायला लागलं. लहान, मोठं, लहान, मोठं, श्वास पुरेना झालेल्या माणसासारखं. तेव्हा तिला कळलं. नऊ वर्षं तिथून पाणी का गळलं नाही, ते कळलं. त्या अर्ध्या फेऱ्यातून बाहेर काही जात नव्हतं. आत काहीतरी येत होतं, आणि त्याच्यावर कुणीतरी तग धरून होतं.

थांबायला हवं होतं. तिला तिथेच थांबायला हवं होतं. पण हाताला बावीस वर्षांची सवय, क्लिप अर्धवट सोडायची नाही. हाताने उरलेला पाव फेरा पुरा केला.

काचेवर धुकं वाटीएवढं राहिलं. मग नाण्याएवढं. मग काच स्वच्छ झाली, आणि तिच्यातून पलीकडची भिंत दिसली. भिंतीला टेकून वन्सं उभ्या होत्या.

८

शनिवारी सकाळी पातळी लाल रेघेवर होती. कंपाउंडर नवा शर्ट घालून आला.

"काय निघालं हो शेवटी?"

"क्लिप ढिली होती. खालच्या होजची."

"एवढंच? एका क्लिपसाठी आठवडा लावलात?"

"अर्धा फेरा," ती म्हणाली. मधल्या लोटलेल्या दाराआड वन्संची बांगडी वाजली.

"आधीचा कोण मिस्त्री होता काय माहीत. असल्यांना उलटं टांगायला पाहिजे." तो बसला, काच खाली केली. "पण गाडी कशी हलकी वाटते आता. नाही? कोणीतरी उतरल्यासारखी."

गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती दारात उभी राहिली. मग तिने सवयीने पुठ्ठा उचलून पाहिला. कोरा. हत्यारं पुसली. जमीन झाडली. कूलंटचा कॅन जागेवर ठेवायला उचलला तेव्हा तो तिला वाटलं होतं त्यापेक्षा हलका लागला. आठवडाभर ओतत होते, तिने मनाशी म्हटलं, संपणारच.

साडेबाराला ती आत गेली. वन्संनी आज स्टुलावर पेला ठेवला नव्हता. ताटं वाढलेली होती, आणि दादाचा पेला तिच्या ताटाशेजारी होता. काठोकाठ भरलेला.

"हे काय?"

"पाणी," वन्सं म्हणाल्या. त्या जेवत नव्हत्या. समोर बसून नुसत्या बघत होत्या. "त्याला आता लागायचं नाही. तू पी."

मिस्त्रिणीने पेला उचलला. बावीस वर्षांची सवय. आधी जिभेचं टोक लावलं. गोड.

"नीट धुतला गेला नाही वाटतं हा," ती म्हणाली.

"धुतलाय. मी स्वतः. चार वेळा."

पेला ओठांशी तसाच राहिला. खाली ठेवायला हात उतरेना, आणि उचलायला उचलेना. समोर वन्सं, मागे मोकळं गॅरेज. थंड स्टीलवर, तिच्या तोंडासमोर, धुक्याचा एक गोल आला. मोठा झाला. आक्रसला. पुन्हा मोठा झाला.

"अर्धा फेरा," वन्सं म्हणाल्या. "पी, वहिनी. एका दमात."